वामनदादांचे गाणे : स्तुती आणि सवाल

दलित साहित्याच्या समीक्षेने एक विभागणी फार काळ गृहीत धरली आहे. कविता पुस्तकात असते, गाणे सभेत असते. कविता विद्रोह करते, गाणे प्रचार करते. अशी विभागणी कोणी जाहीर मांडली नाही, पण व्यवहार मात्र तिच्याप्रमाणेच होत राहिला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी वामनदादा कर्डकांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह आला. पहिल्या पुस्तकाने मराठी समीक्षेला भांबावून सोडले, तिला नवे शब्द शोधायला लावले. ते योग्यच झाले. दुसऱ्या पुस्तकासाठी असे काही शोधावे लागेल असे कोणाला वाटले नाही. ती तर गाणी होती. ती सर्वांना पाठ होती. जे पाठ असते त्याचा अभ्यास करावा लागत नाही, अशी आपली समजूत दिसते.

प्रस्थापित समीक्षेने वामनदादांना दारात उभे केले नाही, ही तक्रार आता जुनी झाली आहे आणि ती खरीही आहे. पण तिच्यावरच थांबणे सोयीचे असते, कारण मग स्वतःकडे पाहावे लागत नाही. मला या लेखात आपल्याकडे पाहायचे आहे. वामनदादांच्या गाण्यात दोन आवाज आहेत. एक स्तुतीचा आणि दुसरा सवालाचा. जयंतीच्या मंडपात आपण पहिला आवाज मोठा केला आणि दुसरा हळूहळू बारीक होऊ दिला. ही निवड वामनदादांची नाही, ती आपली आहे. आणि ती का झाली हे तपासल्याशिवाय या शाहिराचे मूल्यमापन होणार नाही.

प्रथम माणूस पाहू. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. सिन्नरचा बराचसा भाग कमी पावसाचा. जमीन नसलेल्याला तिथे दोनच वाटा दिसत. एक, मिळेल ती मजुरी करत गावात राहणे, दुसरी, मुंबईची. कर्डकांचे कुटुंब दुसऱ्या वाटेने गेले. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहून वामनदादांनी मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. कोळशाच्या वखारीत राबले, फेरीवर माल विकला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. समता सैनिक दलात ते होते, सभांना जात होते, ऐकत होते. पण वाचता येत नव्हते.

त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून मागितले. ते वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळले. मग देहलवी मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. हा प्रसंग आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो. समीक्षेच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या माणसाने अक्षर तरुणपणी मिळवले, त्याच्या घडणीची सगळी वर्षे कानाने शिकण्यात गेली. अभंग, गोंधळ, तमाशा, जलसा, सभेतले भाषण, हॉटेलातल्या रेडिओवरचे सिनेमाचे गाणे, हे सर्व त्याने ऐकून साठवले. १९४३ च्या मे महिन्यात त्यांनी पहिले गीत रचले तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. म्हणजे वामनदादा लिहायला लागले तेव्हा त्यांच्या हातात अक्षर नवे होते, पण कानात परंपरा जुनी होती.

ही परंपरा कोणती? सत्यशोधक जलशांची आणि त्यातून पुढे आलेल्या आंबेडकरी जलशांची. नाशिक जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे या जिल्ह्यातील गावागावांतून माणसे त्यासाठी येत राहिली. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, या लढ्याचे बिनीचे कार्यकर्ते होते. त्याच काळात भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. आडनाव एक असल्याने विद्यार्थी अनेकदा भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात. भीमराव आधीच्या पिढीचे. त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. आपली दहा भाषणे आणि जलशाचे एक गाणे सारखेच, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जलशांविषयी सांगितले जातात. हा गौरव आहे, यात शंका नाही. पण याच गौरवाचा आपण एक सोयीचा अर्थ लावला. गाणे म्हणजे भाषणाची सोपी आवृत्ती, विचार भाषणातला आणि चाल गाण्यातली, असे आपण समजलो. गाण्यालाही स्वतःचा विचार असू शकतो, ही शक्यता त्यात बुजून गेली.

एका चर्चासत्रात मी वामनदादांच्या रचनांवर निबंध वाचला. चर्चेत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तीन आक्षेप घेतले. चाली उसन्या आहेत, यमके ठोकळेबाज आहेत आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. हे आक्षेप मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ते दुष्टाव्याने घेतलेले नव्हते. वाचनाची एक सवय त्यांच्यामागे होती. एकांतात, डोळ्यांनी, पान मागे-पुढे उलटत वाचण्याची सवय. वामनदादांच्या श्रोत्याजवळ पान नव्हते. दिवसभर दगड फोडून, शेत खुरपून, बिड्या वळून तो रात्री समाजमंदिरासमोर बसत होता. जे ऐकले ते तिथल्या तिथे मनात राहिले नाही तर कायमचे गेले. अशा श्रोत्यासाठी रचना करणाऱ्या कवीचे नियम वेगळे असणारच.

हे नियम पाहण्यासारखे आहेत. वामनदादांचे ध्रुपद बहुधा पूर्ण वाक्य असते. कोरसने ते उचलायचे असते आणि उशिरा आलेल्या माणसाला तेवढे एकच ऐकू आले तरी त्याला मुद्दा कळला पाहिजे. अंतरा आला की गोष्ट पुढे सरकते आणि शेवटच्या ओळीचे यमक तिला पुन्हा ध्रुपदाशी आणून बांधते. वहीवाल्याला दोरा लागतो, वही नसलेल्याला यमक लागते. निरक्षर समाजाच्या साहित्यात यमक हा बाड बांधण्याचा दोरा आहे. तो सुबक आहे की नाही हे नंतर पाहू. आधी तो घट्ट आहे की नाही हे पाहिले पाहिजे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आई कांदे काढायला आणि द्राक्षबागेत विरळणीला जायची. तिला सही करता येत नव्हती, पण वामनदादांची आणि इतर शाहिरांची कितीतरी गाणी तिला अंतऱ्यांसह येत होती. वाफ्यात एक बाई ध्रुपद धरायची आणि बाकीच्या उचलायच्या. मुकादम त्यांना गप्प बसा म्हणत नसे, कारण गाण्याने हात चालत. त्या बायकांना आपण मजुरीच्या वेळात एक राजकीय ग्रंथ पाठ करत आहोत हे कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती.

उसन्या चालीचेही तसेच आहे. चाल ही गरिबाला फुकट मिळणारी एकमेव वस्तू होती. रेडिओ हॉटेलवाल्याचा, लाऊडस्पीकर लग्नघरातला, पण चाल ज्याच्या कानावर पडली त्याची. वामनदादांनी ती घेतली आणि तिच्यातला प्रियकर-प्रेयसीचा मजकूर काढून तिथे आपल्या माणसांचा मजकूर घातला. श्रोत्याला चाल आधीच येत असल्याने त्याला फक्त शब्द शिकायचे राहिले. अर्धे काम सिनेमाने करून ठेवले होते. हे करताना काही ठिकाणी चालीने शब्दांवर जबरदस्ती केली आहे, मात्रा भरण्यासाठी शब्द कोंबले गेले आहेत, हेही मान्य केले पाहिजे. हजारांच्या आकड्यात गाणी रचणाऱ्याच्या रचनांत कसदार आणि फोल असे दोन्ही निघणार. आपले काम पाखडण्याचे आहे. न पाखडता सगळेच दाणे म्हणणे ही भक्ती झाली आणि न पाखडता सगळेच फोल म्हणणे हा अहंकार झाला.

आता आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव येते. ही नाममुद्रेची रीत संतांची. चोखोबांच्या अभंगातही शेवटी नाव येते. पण दोन्ही नावे कुठे उभी आहेत ते पाहा. चोखोबा देवाच्या दाराशी उभे आहेत. त्यांचा प्रश्न कितीही जळजळीत असला तरी तो देवाला विचारलेला आहे. वामनदादांचे नाव देवाच्या दाराशी येत नाही. ते लोकांच्या गर्दीत येते, साक्षीदार म्हणून, कधी आरोपी म्हणूनही. या दोन नावांच्या मध्ये काळारामाचा बंद दरवाजा आहे, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आहे आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आहे. रीत तीच राहिली, उभे राहण्याची जागा बदलली. ज्यांना वामनदादांच्या गाण्यात परंपरेचे केवळ अनुकरण दिसते त्यांनी ही जागा तपासावी.

येथे खरा अवघड प्रश्न येतो. दार सुटले, पण भक्ती सुटली का? वामनदादांच्या असंख्य गीतांत बाबासाहेब हे सूर्य आहेत, माऊली आहेत, उद्धारकर्ते आहेत. ही भाषा भक्तीची आहे. आणि बाबासाहेबांचे याविषयीचे मत आपणा सर्वांना ठाऊक आहे. मार्च १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले होते, की मंदिरप्रवेशाची चळवळ आपल्या लोकांना मूर्तीचे पूजक करण्यासाठी आरंभलेली नव्हती. ती त्यांना आपल्या स्थितीची जाणीव करून देण्यासाठी होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की धर्मातील भक्ती कदाचित मुक्तीकडे नेईल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. एक इशारा नाशिकच्या कार्यकर्त्याला दिलेला, दुसरा साऱ्या देशाला. मग नाशिकच्याच मातीतला हा शाहीर त्यांच्याविषयी भक्तीच्या भाषेत का गातो?

मला याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावेसे वाटते. पहिला टप्पा समजून घेण्याचा आहे. शतकानुशतके ज्या समाजाजवळ कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी देवाशिवाय दुसरे माणूसच नव्हते, त्याला कृतज्ञतेची भाषा देवळातूनच आणावी लागली. तिच्या जागी दुसरी भाषा घडायला वेळ लागतो. आणि चांगल्या स्तुतिगीतांत वामनदादा नुसते विशेषण लावून थांबत नाहीत. त्या माणसामुळे काय झाले याचा हिशेब मांडतात. कालपर्यंत काय नव्हते आणि आज काय आहे, याची ती यादी असते. देवाच्या आरतीत असा हिशेब नसतो. ज्या स्तुतीमागे कारण दिलेले असते, ती स्तुती इतिहास सांगत असते.

दुसरा टप्पा टीकेचा आहे. ज्या गीतांतून हा हिशेब गळाला आणि फक्त विशेषणे उरली, ती गीते एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. एकातला अंतरा दुसऱ्यात घातला तरी कोणाला कळणार नाही. अशी गीते वामनदादांनीही रचली, त्यांच्या मागून आलेल्यांनी तर फारच रचली. श्रोत्याला ती काही विचारत नाहीत, काही मागत नाहीत. त्याला हात जोडून बसवतात. बाबासाहेबांनी दिलेला इशारा या गीतांना लागू आहे आणि तो लागू करताना आपण संकोच करू नये.

पण याच शाहिराने दुसरा आवाजही लावला आहे, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण तिथे आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध गीतात देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन सरळ सवाल केला आहे : ही संपत्ती साठली कुठे, आणि तिच्यात आमचा हिस्सा कुठे गेला? भाषा गावच्या बोलीतली आहे, सूर बाजारात हिशेब मागणाऱ्या माणसाचा आहे. या गीताच्या व्याकरणाकडे पाहा. संपूर्ण गीत प्रश्नार्थक आहे आणि विचारणारा 'आम्ही' आहे. जो ते गातो तो गाण्यापुरता का होईना, वाटेकरी होतो. हात पसरणाऱ्याचा सूर आणि वाटा मागणाऱ्याचा सूर यांतला फरक ज्यांनी बलुते मागितले आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्या सत्याग्रहांत हीच मागणी जमिनीच्या भाषेत होती. पुढे १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिच्यात मार्क्स की बुद्ध या वादावरून फूट पडली. विद्वानांनी त्या वादावर पुष्कळ लिहिले. वामनदादांच्या गीतात जातीचा अपमान आणि पोटाची लूट एकाच ध्रुपदात नांदतात. गाणाऱ्या मजुराला त्या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्याच नव्हत्या. गाण्याला स्वतःचा विचार असतो असे मी म्हणालो, तो हा.

दुसरे एक गीत गझलेच्या वळणाचे आहे. बाबासाहेबांच्या मताशी खरोखर एकरूप झालेली मोजकी माणसे जरी निघाली असती, तर आजचे चित्र निराळे दिसले असते, असा त्याचा आशय आहे. या गीताची सगळी ताकद संकेतार्थी क्रियापदांत आहे. 'असते तर' असे म्हणणारा माणूस 'नाहीत' हेच सांगत असतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि त्यानंतर त्याचे किती गट झाले ते आपण जाणतोच. त्या पार्श्वभूमीवर हे गीत ऐकावे. ते शत्रूवर रचलेले नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांवर, स्टेजवरच्या पुढाऱ्यांवर आणि खुद्द गाणाऱ्यावर ते उलटते. आणि गंमत अशी की जयंतीला सर्वांत जास्त टाळ्या याच गीताला पडतात. ज्याच्यावर आरोप आहे तोच टाळ्या वाजवतो, ठेका धरतो आणि घरी जातो. हा दोष गीताचा मानायचा की आपल्या कानांचा?

आज हे गाणे कोणत्या अवस्थेत आहे? ते ऐकले जाते, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त ऐकले जाते. कॅसेट आली, सीडी आली, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. पण वेळ कमी झाला. मिरवणुकीतल्या डीजेला ध्रुपद आणि एखादा अंतरा पुरतो. शेवटचा अंतरा गळतो, आणि त्याच्याबरोबर 'वामन' हे नाव गळते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारतो, तेव्हा अनेकांना गाणे येते, गायकाचे नावही येते. रचणाऱ्याचे येत नाही. ज्या माणसाने शेवटच्या ओळीत आपले नाव बांधून ठेवले, त्याचे नाव आपण त्याच्याच गाण्यातून सोडून देतो. ठेक्यावर नाचता येईल अशी स्तुती तेवढी मागे राहते. सवालाच्या गाण्यावर नाचता येत नाही, त्याच्यापुढे थांबावे लागते.

१९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्षपद वामनदादांना देण्यात आले. दुकानांच्या पाट्यांवर जोडाक्षरे शिकलेला माणूस साहित्यिकांच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला, ही घटना साधी नाही. त्याही आधी, १९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन शाळेत फारसे न गेलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी केले होते. म्हणजे साहित्यिक कोणाला म्हणायचे याचा निर्णय चळवळीने व्यासपीठावर केव्हाच दिला होता. समीक्षेने तो निर्णय अजून आपल्या वहीत उतरवून घेतलेला नाही. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये वामनदादांचे निधन झाले. २०२२ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. व्याख्याने झाली, गायनाचे कार्यक्रम झाले. पण गावागावांतल्या वह्यांत उतरवलेली, तोंडातोंडांतून बदलत गेलेली त्यांची गाणी एकत्र ताडून पाहणे हे काम व्याख्यानांनी होणारे नाही.

हे काम शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहायला नको. आपल्या वर्गात अजूनही अशी मुले आहेत ज्यांच्या आजीला ही गाणी येतात. मुलाने आजीपुढे बसावे, गाणे शेवटच्या अंतऱ्यापर्यंत उतरवून घ्यावे, गाव, चाल आणि कोणाकडून ऐकले ते लिहावे. पाच आज्यांची पाच रूपे शेजारी ठेवली की कोणता शब्द टिकला, कोणता बदलला, कोणता अंतरा लोकांनी स्वतः घातला हे दिसेल. छापील संग्रहाशी ते ताडून पाहावे. जिथे गाणे कमकुवत आहे तिथे तसे म्हणावे. वामनदादांना त्याची भीती नव्हती, त्यांनी आयुष्यभर लोकांसमोर उभे राहूनच गाणे पारखून घेतले होते. आणि पुढच्या १४ एप्रिलला, ज्याच्या हाती कार्यक्रमाची यादी असेल त्याने स्तुतीच्या दहा गाण्यांमध्ये सवालाची निदान दोन घालावीत, शेवटच्या अंतऱ्यासह. टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. मंडपात दोन क्षण शांतता पसरली तर गाणे पोहोचले असे समजावे.